सेकंदाची किंमत

२००६ साली पोर्शेनं आपल्या ९११ टर्बोची नवी पिढी बाजारात आणली. इंजिनाची ताकद ४८० अश्वशक्ती, कमाल वेग ताशी ३१० किलोमीटर आणि अमेरिकेतली मूळ किंमत १ लाख २२ हजार ९०० डॉलर. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००७ मध्ये, टोकियोच्या वाहन प्रदर्शनात निस्साननं जीटी-आर ही गाडी लोकांसमोर उभी केली. तिचीही ताकद ४८० अश्वशक्ती आणि तिचाही कमाल वेग ताशी ३१० किलोमीटरच्या घरात. जपानमध्ये ती ७७ लाख ७० हजार येनला मिळू लागली. २००८ च्या जुलैत ती अमेरिकेत पोचली तेव्हा तिच्यावरची किंमत होती ६९ हजार ८५० डॉलर.

ताकद तेवढीच, वेग तेवढाच. किंमत मात्र जर्मन गाडीच्या जेमतेम ५७ टक्के. मोटारींच्या जगात असं सहसा घडत नाही. एका वर्गातल्या गाड्या किमतीनं एकमेकींच्या आसपासच असतात, कारण सगळ्यांचे पुरवठादार, सगळ्यांची गणितं आणि सगळ्यांचे ग्राहक बरेचसे सारखे असतात. इथे ५३ हजार डॉलरचं अंतर होतं. हे अंतर कशाचं? पोर्शे ग्राहकाकडून जास्त घेत होती, की निस्सान काहीतरी कमी देत होती? या प्रश्नाचं उत्तर शोधताना महागड्या स्पोर्ट्‌स कूपेंचा अख्खा व्यवहार उलगडत जातो. माझ्या मते, या वर्गाला समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण दुसरं नाही.

सुझुकाची एक फेरी

कूपे म्हणजे दोन दरवाजांची, मागे उतरत जाणाऱ्या छपराची गाडी. मागच्या जागा असल्या तरी त्या लहान मुलांपुरत्या किंवा बॅगांपुरत्या. घरच्यांना घेऊन फिरायची सोय बाजूला ठेवून चालवणाऱ्याच्या आनंदासाठी बनवलेली ही गाडी. ९११ ही या जातीची सगळ्यात जुनी आणि न थांबलेली ओळ. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती ९०१ या नावानं आली. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आपले आहेत, असा आक्षेप प्यूजोनं घेतला आणि ९०१ ची ९११ झाली. १९७४ मध्ये पॅरिसला तिचा टर्बो अवतार आला. तेव्हा तीन लिटरच्या इंजिनातून २६० अश्वशक्ती मिळत होती आणि तो आकडा त्या काळी थक्क करणारा होता.

जपानी बाजूची गोष्टही याच काळात सुरू होते, आणि तीही पोर्शेपासूनच. मे १९६४ मध्ये सुझुकाच्या ट्रॅकवर जपानची दुसरी ग्रां प्री झाली. प्रिन्स नावाच्या जपानी कंपनीनं आपल्या स्कायलाइन या साध्या घरगुती सेडानचं नाक २० सेंटिमीटरनं लांबवून त्यात मोठं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. समोर होती नुकतीच जपानमध्ये दाखल झालेली पोर्शे ९०४, म्हणजे शर्यतीसाठीच जन्माला आलेली गाडी. तेत्सु इकुझावा या चालकानं स्कायलाइन पोर्शेच्या पुढे काढली आणि एक फेरी पुढे ठेवली. शर्यत पोर्शेनंच जिंकली. पण दुसऱ्या ते सहाव्या क्रमांकापर्यंत सगळ्या स्कायलाइनच होत्या, आणि ती एक फेरी जपानी गाडीशौकिनांच्या मनात कायमची घर करून राहिली.

१९६६ मध्ये प्रिन्स कंपनी निस्सानमध्ये विलीन झाली. १९६९ मध्ये स्कायलाइनच्या नावापुढे पहिल्यांदा जीटी-आर ही अक्षरं लागली आणि पुढच्या तीन वर्षांत त्या गाडीनं जपानी ट्रॅकवर ५० विजय मिळवले. १९८९ ची जीटी-आर ऑस्ट्रेलियातल्या शर्यतींमध्ये इतकी भारी ठरली, की तिथल्या एका मासिकानं दिलेलं ‘गॉडझिला’ हे नाव तिला चिकटलं. १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षं तिनं बाथर्स्टची मानाची शर्यत जिंकली. २००२ मध्ये ही ओळ खंडित झाली. २००७ ची जीटी-आर ही तिची पुनर्स्थापना होती आणि या वेळी स्कायलाइन हे नाव तिच्यापुढे नव्हतं. ती आता सेडानची आवृत्ती नव्हती. तिचा पाया, इंजिन, गिअरबॉक्स सगळं स्वतंत्र होतं.

एकच आकडा, दोन वाटा

दोन्ही गाड्यांना टर्बोच्या जोडीचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोन्हींत ताकद चारही चाकांना. तरी त्यांची बांधणी अगदी भिन्न.

९११ चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसतं. बैलगाडीत मागं जास्त ओझं भरलं की ती उलाळ होते आणि पुढची बाजू हलकी पडते. ९११ चा मूळ स्वभाव तसाच. वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय अचानक काढला की मागची बाजू बाहेर फेकली जाण्याची भीती असे. पण याच रचनेचा मोठा फायदाही आहे. जागेवरून सुटताना गाडीचं वजन मागच्या चाकांवर घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे ताकद वाया न जाता रस्त्याला लागते. चार दशकं पोर्शेच्या अभियंत्यांनी हा दोष कमी करण्यात आणि हा गुण वाढवण्यात घालवली.

२००६ च्या टर्बोमध्ये त्यांनी आणखी एक अवघड गोष्ट साधली. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा, फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर. इंजिन मंद फिरत असताना झोत कमी असतो, म्हणून पाय दाबल्यावर पिकअप यायला क्षणभर उशीर होतो. झोताच्या वाटेवरची पाती गरजेप्रमाणे वळवली तर हा उशीर टळतो. डिझेल गाड्यांत ही युक्ती रुळलेली होती, पण पेट्रोल इंजिनाचा धूर कितीतरी जास्त तापतो, हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. त्या उष्णतेत वळत राहतील अशी पाती बनवून ती विक्रीच्या पेट्रोल गाडीत बसवणं हे पोर्शेचं यश होतं.

निस्सानचे मुख्य अभियंते काझुतोशी मिझुनो यांनी दुसरी वाट धरली. ३.८ लिटरचं इंजिन पुढे ठेवलं आणि गिअरबॉक्स मात्र मागच्या चाकांपाशी नेला. इंजिनाची ताकद एका दांड्यानं मागे जाते आणि तिचा काही भाग दुसऱ्या दांड्यानं परत पुढच्या चाकांकडे येतो. दोन दांडे म्हणजे वजन वाढलं, पण त्या बदल्यात वजनाची वाटणी ५३ आणि ४७ टक्के अशी झाली. गाडी वेग घेते तेव्हा भार मागे सरकतो, म्हणून उभ्या गाडीत थोडा भार पुढे ठेवला की वळणातून बाहेर पडताना तो समसमान होतो, असा मिझुनोंचा हिशेब होता.

योकोहामाच्या कारखान्यात जीटी-आरचं प्रत्येक इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर जोडत असे. या कारागिरांना जपानीत ‘ताकुमी’ म्हणतात. तापमान नियंत्रित असलेल्या, धूळ न येणाऱ्या खोलीत हे काम चाले. सिलिंडरच्या आतून लोखंडी नळ्या बसवण्याऐवजी ०.१५ मिलिमीटर जाडीचा धातूचा थर प्लाझ्मानं फवारला जाई. त्यामुळे वजन वाचलं आणि इंजिन थंड राखणं सोपं झालं. डॅशबोर्डवरच्या पडद्याची रचना तर ‘ग्रान तुरिस्मो’ हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या पॉलिफनी डिजिटलनं केली होती. ज्या पिढीनं जीटी-आर आधी खेळात चालवली, तिच्यासाठी हा ओळखीचाच पडदा होता.

आता कागदावरचा हिशेब मांडू. जीटी-आरचं वजन १,७४० किलो, ९११ टर्बोचं १,५८५. म्हणजे टनामागे जीटी-आरला मिळतात २७६ अश्वशक्ती, तर पोर्शेला ३०३. टॉर्कही पोर्शेचा जास्त: ६२० न्यूटन-मीटर विरुद्ध ५८८. या आकड्यांवर पैज लावायची तर कुणीही पोर्शेवरच लावेल. प्रत्यक्षात शून्यावरून ताशी १०० किलोमीटरला पोर्शे, कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे, ३.७ ते ३.९ सेकंद घेत होती आणि जीटी-आर साडेतीन सेकंदांच्या आसपास पोचत होती.

जड गाडी पुढे कशी गेली? याचं मोठं कारण गिअरबॉक्समध्ये आहे. जीटी-आरमध्ये दोन क्लच होते. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पळत असते तेव्हाच तिसरा गिअर पडून तयार असतो. बदल होतो तो फक्त क्लचचा आणि तोही सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात. ताकदीचा ओघ तुटतच नाही. त्या वेळच्या ९११ टर्बोला मात्र सहा गिअरचा हाती गिअरबॉक्स किंवा पाच गिअरचा जुन्या धाटणीचा ऑटोमॅटिक एवढेच पर्याय होते. यातली लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की दोन क्लचची ही कल्पना पोर्शेनं स्वतः १९८० च्या दशकात आपल्या ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत वापरून पाहिली होती. तंत्र घरात होतं. विक्रीच्या ९११ टर्बोपर्यंत ते अजून पोचलं नव्हतं.

न्युर्बुर्गरिंगवरचं भांडण

जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात न्युर्बुर्गरिंग हा ट्रॅक आहे. १९२७ मध्ये तो खुला झाला. त्याचा उत्तरेकडचा वळसा २०.८३२ किलोमीटरचा, ७३ वळणांचा आणि सुमारे ३०० मीटरच्या चढउताराचा. झाडीतून जाणाऱ्या या वाटेला शर्यतपटू जॅकी स्टुअर्ट यांनी ‘हिरवा नरक’ म्हटलं. इथे गाडीची एकच बाजू तपासली जात नाही. ब्रेक, टायर, शॉकअप, इंजिनाची थंड राहण्याची क्षमता आणि चालकाची छाती या सगळ्यांची एकत्र परीक्षा होते. म्हणून जगातल्या बहुतेक कंपन्या आपल्या वेगवान गाड्या इथे आणतात आणि फेरीची वेळ जाहिरातीत छापतात.

निस्साननं सप्टेंबर २००७ मध्ये अर्धवट ओल्या ट्रॅकवर ७ मिनिटे ३८.५४ सेकंदांची वेळ दिली. एप्रिल २००८ मध्ये चालक तोशिओ सुझुकी यांनी ती ७ मिनिटे २९.०३ सेकंदांवर आणली. ताशी सरासरी १६५ किलोमीटर, तेही डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर. ७० हजार डॉलरची गाडी ही वेळ देते यावर पोर्शेचा विश्वास बसेना. ९११ मालिकेचे प्रमुख आउगुस्ट आख्लाइटनर यांनी २००८ च्या शरद ऋतूत जाहीरपणे सांगितलं, की आम्ही अमेरिकेतून एक जीटी-आर विकत आणली, तिच्या फेऱ्या मारल्या आणि आम्हाला मिळालेली वेळ ७ मिनिटे ५४ सेकंद आहे. त्याच चाचणीत आमची टर्बो ७ मिनिटे ३८ सेकंदांत आली, असंही ते म्हणाले. निस्साननं उत्तर दिलं, की आमची गाडी ग्राहकाला मिळते तशीच होती, आणि गाडीतून पूर्ण क्षमता काढून घ्यायला पोर्शेला मदत हवी असेल तर आम्ही चालकांना प्रशिक्षण देऊ.

दोन कंपन्यांच्या मोजणीत २५ सेकंदांचा फरक. इतक्या वेळात वेगवान गाडी हळू गाडीच्या एक किलोमीटरहून जास्त पुढे निघून गेलेली असते. पण यावरून दोघांपैकी कुणी खोटं बोलत होतं असं सिद्ध होत नाही. फेरीची वेळ ही वजनकाट्यावरच्या आकड्यासारखी ठाम नसते. हवेचं तापमान, डांबराची ओल, टाकीतलं पेट्रोल, टायरचा प्रकार आणि त्याची झीज, या प्रत्येकाचा वाटा त्यात असतो. सगळ्यात मोठा वाटा चालकाचा. सुझुकींनी ही गाडी घडत असताना महिनोन्‌महिने चालवली होती. कोणत्या उंचवट्यावर ती किती उडते आणि कुठे तिचा संगणक पुढच्या चाकांना किती ताकद देतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. पोर्शेच्या चालकाला मागच्या बाजूनं जड असलेल्या गाडीची सवय. दोघांनी आपापल्या सवयीची गाडी जास्त वेगानं चालवली, हे अगदी स्वाभाविक आहे.

टायरचा मुद्दा तर फार महत्त्वाचा. रस्त्याला गाडी धरून ठेवतात ते चार टायर, आणि प्रत्येकाचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढा. गाडी जितकी जड तितका टायरवर दाब जास्त आणि पकडही जास्त, पण दाबाच्या प्रमाणात पकड वाढत नाही, ती थोडी मागे पडते. म्हणून हलकी गाडी वळणात सरस, हा अभियंत्यांचा सर्वमान्य नियम. मिझुनोंनी मात्र जीटी-आरच्या वजनाचं उघडपणे समर्थन केलं. कुणालाही, कुठेही आणि केव्हाही वेगानं चालवता येईल अशी गाडी हवी, तर टायर रस्त्यावर दाबून धरणारं वजन उपयोगी आहे, असं ते सांगत. नियमाच्या कसोटीवर त्यांचं म्हणणं पूर्ण उतरत नाही. पण पावसात भिजलेल्या रस्त्यावर, सरावलेल्या नसलेल्या चालकाच्या हाती ही गाडी जो भरवसा देते, त्यामागे काय विचार होता ते यातून कळतं.

या भांडणानं एक चांगलं काम झालं. वेळ कुणी मोजली, किती अंतराची मोजली, टायर कोणते होते, हे प्रश्न मोठ्यानं विचारले जाऊ लागले. त्या काळी उत्पादक २०.६ किलोमीटरची फेरी मोजत. सुरुवात आणि शेवट यांच्यामधला २०० मीटरहून थोडा मोठा सरळ तुकडा सोडून देत. २०१९ पासून ट्रॅकच्या व्यवस्थापनानं पूर्ण २०.८३२ किलोमीटरची मोजणी अधिकृत केली. त्यामुळे आजची वेळ २००८ च्या वेळेशेजारी ठेवताना चार-पाच सेकंदांचा फरक मनात धरावा लागतो.

किंमत कोण ठरवतं

मोटार कारखान्यातला नेहमीचा नियम असा, की जी वस्तू जास्त संख्येनं बनते ती स्वस्त पडते. तो नियम इथे लावला तर कोडं आणखी अवघड होतं. पोर्शे त्या काळी ९११ च्या सगळ्या आवृत्त्या मिळून वर्षाला तीस हजारांहून जास्त गाड्या विकत होती. निस्साननं जपानसाठी जीटी-आरचं लक्ष्य ठेवलं होतं महिन्याला २००. म्हणजे जास्त बनणारी गाडी महाग आणि कमी बनणारी स्वस्त.

पोर्शेचा उत्पादन खर्च अवाजवी होता असंही म्हणता येत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कंपनी बुडण्याच्या बेतात होती. वर्षाला पंधरा हजार गाड्यासुद्धा खपत नव्हत्या. प्रमुख झालेल्या वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार स्टुटगार्टला बोलावले. सुट्या भागांनी ठासून भरलेल्या उंच मांडण्या पाहून सल्लागारांनी त्यांच्या हाती करवत दिली आणि वीडेकिंग यांनी स्वतः त्या मांडण्या वरून कापून टाकल्या. साठा कमी, वाट पाहणं कमी, चुका जागेवर दुरुस्त. काही वर्षांत पोर्शे जगातल्या सर्वांत नफ्यातल्या मोटार कंपन्यांत जाऊन बसली. जपानी शिस्तीनं जर्मन कंपनीचा खर्च घटला, पण किंमत घटली नाही. घटलेला खर्च नफ्यात गेला. ग्राहक तेवढे पैसे आनंदानं मोजत होते, मग कंपनी किंमत का उतरवेल? शिवाय पोर्शेच्या पाटीवरची किंमत ही फक्त सुरुवात असे. सिरॅमिक ब्रेक, खास आसनं, चामड्याची शिलाई, रंग, प्रत्येकाची किंमत वेगळी आणि घसघशीत.

निस्सानचं गणित वेगळं होतं. जीटी-आर तोचिगीच्या कारखान्यात, कंपनीच्या इतर मोठ्या सेडान जिथे बनत त्याच रांगेवर जोडली जाई. वर्षाला तीस लाखांहून जास्त गाड्या बनवणाऱ्या कंपनीची खरेदीची ताकद, चाचणीची साधनं आणि विक्रेत्यांचं जाळं तिच्या पाठीशी होतं. १९९९ च्या सुमारास निस्सान कर्जाखाली दबलेली होती; कंपनीची सूत्रं हाती घेतलेल्या कार्लोस घोन यांनी ती सावरली. सावरलेल्या कंपनीला आपण काय करू शकतो हे जगाला दाखवायचं होतं. जीटी-आर नफ्यासाठी कमी आणि या दाखल्यासाठी जास्त बनली. म्हणून तिची किंमत जाणूनबुजून अशी ठेवली गेली, की पोर्शेकडे पाहणाऱ्या माणसाला थांबून विचार करावा लागेल.

किमतीवर चलनाचाही हात असतो. २००८ च्या जुलैत एका डॉलरला सुमारे १०७ येन मिळत होते, म्हणजे ६९,८५० डॉलरचे जवळपास ७५ लाख येन होत. २०११ मध्ये डॉलर ७६ येनवर आला. तीच डॉलरमधली किंमत आता ५३ लाख येनच झाली असती. गाडी तीच, कारागीर तेच, पण मिळकत तीस टक्क्यांनी कमी. मग किंमत वाढवण्यावाचून मार्ग राहत नाही. २०१७ च्या जीटी-आरची अमेरिकेतली किंमत १ लाख ९ हजार ९९० डॉलर झाली. त्याच सुमारास ९११ टर्बो १ लाख ५९ हजार २०० डॉलरला होती. पहिल्या किमतीशी ताडून पाहिलं तर जीटी-आर ५७ टक्क्यांनी महागली, पोर्शे तीस टक्क्यांनी. जीटी-आर अजूनही स्वस्तच होती, पण पोर्शेच्या सत्तावन्न टक्क्यांवरून एकोणसत्तर टक्क्यांवर आली होती.

भारतात तर किमतीचं गणित पार बदलून जातं. डिसेंबर २०१६ मध्ये जीटी-आर इथे दाखल झाली ती १ कोटी ९९ लाख रुपयांना, दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत. त्या वेळच्या विनिमय दरानं अमेरिकेतल्या किमतीचे रुपये होत होते सुमारे ७५ लाख. पूर्ण तयार स्थितीत आयात होणाऱ्या अशा गाड्यांवर तेव्हा मूळ सीमाशुल्कच शंभर टक्के होतं. त्यावर इतर कर, वाहतूक आणि विक्रेत्याचा हिस्सा. पुढे नोंदणीचा कर वेगळा. महाराष्ट्रात वाहनावरच्या एकरकमी कराची कमाल मर्यादा २०२५ च्या अर्थसंकल्पानं २० लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेली. म्हणजे नुसत्या कराच्या रकमेत कुटुंबासाठीची एखादी उत्तम गाडी येते. अशा बाजारात ‘स्वस्त आणि वेगवान’ ही जीटी-आरची ओळख उरतच नाही. दोन कोटी मोजणारा माणूस मग बोधचिन्ह आणि प्रतिष्ठा यांचाच विचार आधी करतो.

विकत घेतल्यानंतर

किंमत म्हणजे शोरूममध्ये मोजलेले पैसे एवढंच नव्हे. जीटी-आरच्या पहिल्या वर्षांत हे ठळकपणे दिसलं. जागेवरून सुटताना इंजिनाला भरपूर रेस करून क्लच एकदम जोडण्याची सोय गाडीच्या संगणकात होती. तीत गाडी बाणासारखी सुटे, पण सारा धक्का गिअरबॉक्सला बसे. अमेरिकेत काही मालकांचे गिअरबॉक्स अशानं निकामी झाले. स्थिरता राखणारी यंत्रणा बंद करून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, अशी कंपनीची भूमिका होती. बराच वाद झाला आणि पुढे कंपनीनं ही सुरुवात सौम्य करणारं नवं सॉफ्टवेअर आणलं.

जपानमध्ये जीटी-आरच्या देखभालीसाठी निस्साननं खास केंद्रं नेमली. टायरांत नायट्रोजन, ठरावीक अंतरावर चाकांची तपासणी, गिअरबॉक्सचं विशेष तेल. जपानी रस्त्यावर तिचा वेग ताशी १८० किलोमीटरला आपोआप रोखला जाई; उपग्रहाच्या साह्यानं गाडी मान्यताप्राप्त ट्रॅकवर पोचल्याची खात्री पटली की मगच हा अडसर काढता येई. हे सगळं शिस्तीचं आणि विचारपूर्वक केलेलं होतं. पण त्यातून ग्राहकाच्या एक गोष्ट लक्षात आली: वेग अर्ध्या किमतीत मिळाला तरी त्याची देखभाल अर्ध्या खर्चात होत नाही. ब्रेकच्या चकत्या, टायर, तेल यांचा खर्च गाडीच्या वेगाप्रमाणे येतो, किमतीप्रमाणे नव्हे.

पोर्शेची किंमत मला इथे समजू लागते. वर्षानुवर्षं मालकांनी ट्रॅकवर नेलेली, घरी परत चालवत आणलेली आणि विकताना चांगला भाव मिळवून दिलेली गाडी, हा लौकिक एका वर्षात बांधता येत नाही. ग्राहक त्या लौकिकाचे पैसे देतो. त्यात बोधचिन्हाचा मोहही असतो, हे खरं. पण तो सगळाच मोह असता तर ९११ साठ वर्षं टिकली नसती.

स्पर्धेचं देणं

जीटी-आरनं काय साधलं हे तिच्या विक्रीवरून मोजू नये. तिचा परिणाम समोरच्या गाडीत दिसतो. २००९ मध्ये पोर्शेनं ९११ टर्बो पुन्हा नव्यानं मांडली: नवं ३.८ लिटरचं इंजिन, ५०० अश्वशक्ती आणि अखेर दोन क्लचचा गिअरबॉक्स. पर्यायी साहित्यासह शंभराचा वेग ३.४ सेकंदांत. त्यातला बराचसा बदल आधीच ठरलेला असणार. तरीही किमतीनं जवळपास अर्धी असलेली गाडी शेजारी उभी असताना टर्बोला मागे राहणं परवडणारं नव्हतं. निस्साननंही हात आवरला नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये मिखाएल क्रुम यांनी जीटी-आरच्या निस्मो आवृत्तीत ७ मिनिटे ८.६७९ सेकंदांची वेळ दिली. म्हणजे सहा वर्षांत त्याच सांगाड्यातून अर्ध्या मिनिटाची सुधारणा. या गाडीच्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो यासाठी.

२६ ऑगस्ट २०२५ ला तोचिगीतून शेवटची जीटी-आर बाहेर पडली. अठरा वर्षांत सुमारे ४८ हजार गाड्या, आणि एवढ्या काळात त्यांची इंजिनं जोडणारे ताकुमी अवघे नऊ. त्यानंतर काही दिवसांतच पोर्शेनं नवी ९११ टर्बो एस जाहीर केली. विजेची जोड दिलेलं इंजिन, ७११ अश्वशक्ती, न्युर्बुर्गरिंगची पूर्ण फेरी ७ मिनिटे ३.९२ सेकंदांत, अमेरिकेतली किंमत २ लाख ७० हजार ३०० डॉलर.

आणि २००७ चा प्रश्न त्याच वर्षी पुन्हा समोर आला. या वेळी बीजिंगहून. मोबाइल फोन बनवणाऱ्या शाओमीनं एसयू७ अल्ट्रा ही चार दरवाजांची विजेवरची गाडी ५ लाख २९ हजार ९०० युआनला, म्हणजे सुमारे ७३ हजार डॉलरला, बाजारात आणली. ट्रॅकसाठीचं वेगळं साहित्य बसवलेल्या या गाडीनं तीच पूर्ण फेरी ७ मिनिटे ४.९५७ सेकंदांत केली. पोर्शेच्या टर्बो एसपेक्षा एका सेकंदानं मागे, आणि मूळ किंमत जवळपास पाव.

या ताज्या आकड्यांकडे बघताना जीटी-आरच्या अठरा वर्षांचा अनुभव हाताशी असावा. तो सांगतो, की वेग दर पिढीला स्वस्त होतो आणि ही फार चांगली गोष्ट आहे. सामान्य ऐपतीच्या शौकिनासाठी त्यामुळेच दार उघडतं. तो हेही सांगतो, की एका फेरीचा आकडा एका दिवसाचा असतो. तीच फेरी गाडी लागोपाठ किती वेळा देते, पाच वर्षांनी देते का, बिघडल्यावर कंपनी कुठे उभी राहते आणि विकायला काढली तर काय मिळतं, यांची उत्तरं जाहिरातीत नसतात. ती यायला वर्षं जातात. निस्साननं वेगाची किंमत खाली आणली. पोर्शे खात्रीची किंमत वर ठेवून टिकली. ग्राहकाला वेग आणि खात्री दोन्ही हवं असतं, आणि जी कंपनी वेगाच्या किमतीत खात्रीही देऊन दाखवेल, ती या वर्गाचे पुढचे भाव ठरवेल.